बंद पडलेला जुना चेनसॉ घेताना आणि चालू करताना

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडपासून अलिबागपर्यंत नारळ, सुपारी, आंबा, फणस, काजू आडवे झाले. रस्ते मोकळे करायला, वाडीतली लाकडं उचलायला ज्याला जमलं त्याने पेट्रोलवरचा कटर, म्हणजे चेनसॉ, घेतला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं, तेव्हा राहिलेल्यांनीही घेतला. काम संपलं आणि मशीन टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर गेलं. आता तीच मशीनं 'थोडंसं काम आहे, बाकी टकाटक' म्हणून विकायला निघतात.

माझं पहिलं मशीन १,८०० रुपयांचं. मालक म्हणाला, फक्त कार्बरेटर साफ करायचाय. मी दोन रविवार कार्बरेटर साफ केला. तिसऱ्या रविवारी वैतागून सायलेन्सर काढला, तर आत पिस्टनवर उभे ओरखडे, मांजराने नख्या मारल्यासारखे. कार्बरेटर बिचारा पहिल्यापासून ठीक होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पिस्टन, मग करंट (प्लगची ठिणगी), मग पेट्रोल, आणि कार्बरेटर सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने सांगतो.

हत्यारं

फार काही लागत नाही. नामांकित कंपन्यांच्या मशीनला बहुतेक ठिकाणी टी-२७ स्टारचे स्क्रू असतात, चिनी मशीनला ४ आणि ५ मिमीच्या एलन की लागतात. प्लगसाठी १९ मिमीचा पाना. शिवाय बारीक स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, जुना टूथब्रश, कार्बरेटर क्लिनरचा स्प्रे, हातभर सुती दोरी आणि एक व्हिजिटिंग कार्ड. कार्ड आणि दोरी कशाला, ते पुढे येईल. स्क्रू ठेवायला थाळी घ्या आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. दोन आठवडे सुटा पार्ट येण्याची वाट बघितल्यावर कुठला स्क्रू कुठे होता हे कुणालाच आठवत नाही.

पायरी १: पैसे देण्याआधी

मालकाच्या अंगणातच टाकीतलं उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि उजेडात धरा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी (टू-स्ट्रोक) ऑईलला रंग असतो, निळा, हिरवा किंवा लाल, त्यामुळे मिश्रणही रंगीत दिसतं. पेट्रोल अगदीच कोरं, पंपावरून आणल्यासारखं दिसलं तर सावध व्हा. ऑईल न घालता मशीन चालवलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसं असेल तर पिस्टन गेलाच समजा. पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा आंबट वास येत असेल तर उलट आनंद माना. ते मशीन नुसतं पडून बंद झालंय, आणि असं मशीन बहुतेक वेळा वाचतं. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी धरलेलं इथेनॉल. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा!

मग स्टार्टरची दोरी हळू ओढा. दर फेरीला दाब लागून हाताला अडकल्यासारखं जाणवलं पाहिजे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे दोरीची मूठ हातात धरून मशीन अधांतरी लोंबकळत सोडायचं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, चांगलं असेल तर ते थांबत थांबत, एकेक टप्पा घेत खाली येतं. सरसर उतरलं तर रिंग, पिस्टन किंवा सिलेंडर, काहीतरी बिघडलंय. मात्र काही मशीनना दाब सोडणारं डीकॉम्प्रेशनचं छोटं बटण असतं, ते दाबलेलं नाही ना बघा. सोप्या स्टार्टसाठी आत जादा स्प्रिंग असलेल्या मशीनवर ही परीक्षा फसवते. गेज असेल तर १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा उत्तम. ११०च्या खाली असेल तर भंगाराच्या भावातच बोला.

आता मुख्य काम. मालकाला म्हणा, दादा, दोन बोल्ट काढून बघतो. सायलेन्सर काढला की सिलेंडरचं धूर बाहेर पडायचं तोंड उघडं पडतं. टॉर्च मारा आणि दोरी हळू ओढत पिस्टन वरखाली होताना बघा. त्याची बाजू एकसारखी, मंद चकाकणारी हवी. रिंग आपल्या खाचेत मोकळी आहे का, ते टूथपिकने हलकं दाबून कळतं. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर मशीन ऑईलशिवाय चाललंय किंवा त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालंय. कार्बरेटर काढून त्या बाजूनेही बघता आलं आणि तिथे घासलेलं दिसलं, तर फाटक्या एअर फिल्टरमधून भुसा नि धूळ आत गेलीय. मालकाने सांगितलेली हकिकत एकीकडे, पिस्टनवरची दुसरीकडे. किंमत दुसरीवरून ठरवा.

मालक सायलेन्सर काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

सायलेन्सर हातात आहेच तर त्याच्या आतही डोकावा. तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती काजळीने बुजते आणि मशीन जेमतेम चालू होऊन गुदमरतं. जाळी काढून गॅसच्या ज्योतीवर लाल केली की काजळी झडते. आमच्याकडे आणखी एक भानगड असते: कुंभारमाशी. एकदा एक मशीन आलं, करंट छान, पेट्रोल छान, कॉम्प्रेशन तर इतकं की दोरी ओढवेना. सायलेन्सर उघडला तर आत मातीची तीन घरं, एकाला एक चिकटून, आणि त्यांत वाळलेले कोळी. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. माती खरवडली, चौथ्या ओढीला चालू. त्या मालकाने आधी दोन ठिकाणी दुरुस्तीचे पैसे दिले होते आणि दोन्हीकडे कार्बरेटरच बदलला होता.

पायरी २: करंट

प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. प्लग पुन्हा टोपीत बसवा, त्याचे आटे सिलेंडरच्या धातूला टेकवा आणि दोरी जोरात ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून उडालेली पेट्रोलची वाफ पेटू शकते. सावलीत निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे.

ठिणगी नसेल तर लगेच कॉइल (ठिणगीसाठी करंट तयार करणारा भाग) मागवू नका. आधी नवा प्लग लावून बघा. गॅप बहुतेक मशीनला ०.५ मिमी असते, चिनी मशीनला ०.६ ते ०.७. तरीही नाही, तर बंद करायच्या स्विचची वायर कॉइलपासून सोडवा. ती कुठेतरी सोलून धातूला टेकत असेल तर मशीन कायमचं 'बंद'वर राहतं. वायर सोडल्यावर करंट आला तर दुरुस्ती फुकटात झाली.

यानंतर कॉइल आणि मॅग्नेट (चुंबक बसवलेलं फिरतं चाक) यांमधली फट. ती साधारण ०.२ ते ०.३ मिमी हवी, आणि व्हिजिटिंग कार्डाची जाडी जवळपास तेवढीच असते. मॅग्नेटवरचा गंज पॉलिश पेपरने पुसा, कॉइलचे दोन स्क्रू सैल करा, मध्ये कार्ड घाला, मॅग्नेट फिरवून समोर आणा. तो कॉइलला स्वतःच ओढून घेईल. स्क्रू आवळा, कार्ड काढा. इतकं करूनही ठिणगी नसेल तर मात्र कॉइल गेली.

करंट आहे, पेट्रोल आहे, पण चालू करताना दोरी हिसका देऊन हातातून सुटते किंवा फटाफट उलटा बार येतो? मॅग्नेटची बारीक चावी तुटून टायमिंग सरकलेलं असतं. चावी काही रुपयांची, पण ती बदलायला मॅग्नेट ओढून काढावा लागतो. तो हातोडीने ठोकू नका, पुलर वापरा.

पायरी ३: एक थेंबभर परीक्षा

नव्या माणसाला सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. प्लग काढून भोकात अर्धा चमचा ताजं मिश्रण टाका, प्लग लावा, चोक उघडा ठेवून दोरी ओढा. मशीन दोन सेकंद भुर्र करून बंद पडलं तर पिस्टन आणि करंट दोन्ही बरोबर आहेत, भांडण फक्त पेट्रोलशी आहे. अजिबात हूं की चूं नाही, तर मागच्या पायऱ्यांवर परत जा.

वीसपंचवीस ओढी मारून मशीन 'ओव्हर' झालं असेल, म्हणजे आत पेट्रोल साचलं असेल, तर प्लग काढा, मशीन उलटं धरा, चोक उघडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आठदहा ओढी मारा. प्लग पुसून पुन्हा लावा. पुष्कळ 'बंद' मशीनं एवढ्यावर सुरू होतात, आणि विकणाऱ्याला पश्चात्ताप होतो.

पायरी ४: टाकी ते कार्बरेटर

टाकीत वाकड्या तारेचा आकडा घालून आतली नळी बाहेर ओढा. तिच्या टोकाला कापसासारखा किंवा जाळीचा छोटा फिल्टर असतो. तो काळा, कडक झालेला असेल तर बदला. नळी बोटांत वाकवून बघा. इथेनॉलने ती एकतर चिकट होते किंवा कडक होऊन चिरते. माळ्यावरच्या मशीनची नळी उंदरांनीही कुरतडलेली असते. चीर टाकीच्या आतल्या भागात असेल तर मशीन सरळ धरल्यावर चालतं आणि टाकी अर्धी झाली की बंद पडतं. हे कोडं सोडवायला मला एक अख्खी दुपार लागली होती.

टाकीला हवा आत घेणारं बारीक छिद्र किंवा व्हॉल्व असतो. तो बुजला तर मशीन पाच मिनिटं चालून मरतं, झाकण उघडताच 'फुस्स' आवाज येतो आणि मग परत सुरू होतं.

पायरी ५: कार्बरेटर

आता उघडायचा. चेनसॉच्या कार्बरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, कारण मशीन आडवं-उभं कसंही धरावं लागतं. त्याऐवजी दोन बाजूंना दोन पातळ डायफ्राम असतात. एका बाजूचा पेट्रोल ओढतो, दुसऱ्या बाजूचा छोट्या लिव्हरवरून सुई उचलून ते मोजून आत सोडतो. डायफ्राम कापडासारखा मऊ हवा. बोटाने दाबल्यावर पापडासारखा कडकड वाजला की त्याचं आयुष्य संपलं. साफ करून तो मऊ होत नाही, बदलावाच लागतो.

नवा बसवताना क्रम चुकतो तो इथे. सुईच्या, म्हणजे लिव्हरच्या बाजूला बॉडीला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम. पंपाच्या बाजूला उलट: बॉडीला आधी डायफ्राम, मग गॅस्केट. बहुतेक कार्बरेटरला हाच नियम लागतो, तरी काढतानाचा फोटो शेवटचा शब्द. पंपाच्या झाकणाखाली चहाच्या गाळणीसारखी, पण डाळीएवढी जाळी असते. तिच्यावर हिरवट जेलीसारखा थर बसला असेल तर तिथूनच पेट्रोल अडलं होतं. टाचणीच्या टोकाने जाळी उचला, धुवा. लिव्हर वाकवू नका. जेटच्या भोकात तार, सुई काहीही घालू नका, भोक मोठं होतं आणि मग सेटिंग कधीच लागत नाही. क्लिनर फवारा आणि हवा मारा. फवारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकात मारलेली फवार भलत्याच भोकातून थेट डोळ्यात येते.

चिनी मशीनला अख्खा नवा कार्बरेटर काही शे रुपयांत मिळतो. तिथे दुरुस्तीचा हट्ट मी करत नाही. चांगल्या कंपनीच्या मूळ कार्बरेटरला मात्र डायफ्राम-गॅस्केटचं किट घालूनच वाचवा, त्याची सर बाजारातल्या नकलेला येत नाही.

सेटिंगसाठी 'एल' (कमी रेसचा) आणि 'एच' (फुल रेसचा) हे दोन स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवा आणि मग एकेक फेरी बाहेर आणा. यावर मशीन सुरू व्हायला हरकत नसते. दोनतीन मिनिटं गरम झाल्यावर 'एल' असा लावा की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच न अडखळता रेस घेईल. स्लोचा स्क्रू असा, की चेन स्थिर राहील. 'एच' लावताना कान वापरा. लाकूड नसताना फुल रेसवर आवाज किंचित भरभरा, तुटक यावा, आणि लाकडात घातल्यावर साफ व्हावा. फुल रेसवर कानठळ्या बसवणारी एकसुरी शिट्टी ऐकायला झकास वाटते, पण पेट्रोल कमी पडतंय आणि ऑईलही, म्हणून ती येते. पिस्टन अशाच शिट्टीवर जातो.

सेटिंग लागतच नसेल, रेस सोडल्यावरही मशीन वर वरच ओरडत राहत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. कार्बरेटर आणि सिलेंडरमधला रबरी जोड आधी बघा, मग क्रँकचे ऑईल सील. असं मशीन 'चालू झालं ना' म्हणून वापरू नका.

पिस्टन गेला असेल तर

घ्यायचंच ठरवलं असेल तर सिलेंडर वाचतो का ते बघा. सिलेंडरला आतून कठीण मुलामा असतो, आणि पुष्कळदा त्यावर दिसणारे ओरखडे म्हणजे चिकटलेलं पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कानातल्या कापसाची काडी बुडवून फक्त त्या डागांवर फिरवा. फेस येतो, अ‍ॅल्युमिनियम सुटतं. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, लगेच ऑईल लावा. मुलाम्याबाहेरच्या धातूला अ‍ॅसिड लागू देऊ नका, हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा. नखाला खाच लागत राहिली तर मुलामाच गेलाय, सिलेंडर टाका.

नवा पिस्टन मागवताना स्टिकरवर विसंबू नका, जुना मोजून घ्या. '५८ सीसी' लिहिलेल्या बऱ्याच चिनी मशीनचा पिस्टन ४५.२ मिमीचा असतो आणि इंजिन भरतं ५४-५५ सीसी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे.

ती सुती दोरी इथे लागते. क्लच किंवा मॅग्नेट सोडवायला इंजिन फिरू न देणं भाग असतं. पिस्टन वर येताना, धुराचं तोंड झाकलं गेल्यावर, प्लगच्या भोकातून दोरी आत भरा आणि एक टोक बाहेर ठेवा. पिस्टन दोरीवर अडतो. क्लचचे आटे उलटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. हे माहीत नसल्याने कित्येक क्रँक वाकलेत.

चालू करताना

नवं मिश्रणच घाला. नामांकित मशीनला चांगल्या ऑईलसह ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. चिनी मशीनच्या पुस्तिकेत बहुधा २५:१ असतं, म्हणजे ४० मिली. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी ऑईल घ्या. मापाला औषधाची सिरिंज वापरा, 'अंदाजे एक झाकण' नको.

मशीन जमिनीवर, चेनचा ब्रेक लावलेला, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढणारे लोक मी रोज बघतो, त्यांचं अनुकरण करू नका. गोठ्यात किंवा बंद पडवीत इंजिन चालवू नका, धुराने माणूस मरतो. चालू झाल्यावर ब्रेक सोडा, थोडी रेस द्या आणि मनगटाने ब्रेक ढकला. चेन तत्क्षणी थांबली नाही तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत लाकूड विसरा. बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या) वरच्या टोकाला काही लागलं तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, आणि त्या वेळी वाचवणारा तो ब्रेकच. चेनचं झाकण काढण्याआधी ब्रेक सोडलेला असू द्या. झाकणात ब्रेक असलेल्या मशीनचं झाकण ब्रेक लावून काढलं, तर ते परत बसत नाही.

चेन आणि बार

इंजिन चालू झालं तरी बारला ऑईल येतं का बघायचं राहतं. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, ऑईलची रेघ उमटली पाहिजे. नसेल तर बारच्या खाचेतला भुसा आणि ऑईलचं भोक साफ करा, तिथेच बहुधा अडलेलं असतं. गॅरेजातलं जळकं काळं ऑईल घालू नका. फुकट मिळतं म्हणून सगळे घालतात. त्यातला धातूचा चुरा पंप खातो.

चेन बोथट आहे हे भुशावरून ओळखा: तुकडे पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर नाही. गोल कानस चेनच्या मापाने: बारीक ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी. कोन साधारण ३० अंश, प्रत्येक दाताला सारख्याच ओढी, नेहमी आतून बाहेर. आज दिसतो तो वाकडा दात अमेरिकेत जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ च्या सुमारास काढला, ओंडका पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून. धार लावताना त्या अळीची आठवण ठेवली की कोन आपोआप सांभाळला जातो, निदान माझ्याकडून तरी.

माळ्यावर ठेवताना

काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बरेटरमध्ये काही उरत नाही. प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑईल, दोरी दोनदा हळू ओढून प्लग परत. एअर फिल्टर झटका. मग सायलेन्सर थंड झाल्यावर त्याच्या तोंडात चिंधी कोंबा, कुंभारमाशी श्रावणात जागा शोधतच असते. चिंधी लाल घ्या आणि हातभर बाहेर लोंबू द्या. मी पांढरी, आखूड घेतली होती, आणि ऑक्टोबरात पाऊण तास दोरी ओढत बसलो.